यूपीएसला पाजलेलं पाणी

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. चुलीला चूल म्हणतात, पंख्याला पंखा म्हणतात, मला मेल्याला तेवढी तीन इंग्रजी अक्षरं चिकटवून सोडून दिलं, त्यात माझा काय दोष? पुढं बावड्याला ज्यांच्या घरी मी नांदलो, त्या लक्ष्मीबाईंनी तर मला पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हणायला सुरुवात केली. "त्यो डबा सरकवा जरा, झाडायचंय." असला राग यायचा! मी स्वभावानं चिडका आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं काम छोटंसं, पण जोखमीचं. लाईट गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत माझ्या पोटातल्या बॅटरीवर कॉम्प्युटर घ्यायचा आणि तो बंद पडू द्यायचा नाही. दहा मिनिटं, फार तर बारा. तेवढ्यात माणसानं आपलं काम जपून ठेवायचं आणि कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा. तो दहा मिनिटांचा राजा म्हणजे मी.

पुण्याजवळ भोसरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. छबूबाई नावाच्या बाईंनी माझ्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळली, एकेक वेढा मोजून. मध्येच कोणी हाक मारली तरी त्या 'ओ' द्यायच्या नाहीत. मोजणी चुकली तर सगळं उलगडून पुन्हा गुंडाळावं लागायचं. मग लोखंडी पेटी, वर करडा रंग, आत बारा व्होल्टची छोटी बॅटरी. १९९७ च्या नोव्हेंबरात मी बारामतीला शाहिदच्या दुकानात फळीवर येऊन बसलो.

शाहिद म्हणजे डिप्लोमा केलेला, चष्मा सारखा नाकावर ढकलणारा तरुण. माल खपवायच्या आधी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायची त्याला खोड होती. एका दुपारी त्याच्याकडे बापलेक आले. नाना साठीच्या पुढचे, तीस वर्षं ट्रॅक्टर चालवून तळहाताचं चामडं झालेले. त्यांची मुलगी मेघना इंदापूरच्या एका कॉलेजात तासांवर वनस्पतिशास्त्र शिकवायची. आपल्या भागातल्या माळरानावरच्या गवतांवर तिचा पीएच.डी.चा प्रबंध चालला होता आणि तो ती घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच टाईप करत होती. आदल्या आठवड्यात लाईट गेली आणि तिची अकरा पानं एका क्षणात पुसली गेली. दोन दिवस पोरगी जेवली नव्हती.

"आधी दोन गोष्टी सांगा," शाहिद म्हणाला. "ह्याला काय काय जोडणार? आणि लाईट गेल्यावर काम चालूच ठेवायचंय, का नुसतं जपून बंद करायचंय?"

"जपून बंद करायचंय," मेघना म्हणाली. "कॉम्प्युटर, मॉनिटर आणि शाईचा प्रिंटर."

"मग चालेल. लेझर प्रिंटर असता तर मी नको म्हणालो असतो, तो सुरू होताना लय करंट ओढतो."

नानांना एवढ्यानं कुठं समाधान! "किती एचपीचा हाय ह्यो?" त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं. मला हसावं का रडावं कळेना. माझ्या डावीकडं एक पांढरा, प्लॅस्टिकचा, नाजूक यूपीएस बसला होता, सगळे त्यालाच आधी हात लावायचे. उजवीकडं दवाखान्याला लागतो तसला बाहेर दोन बॅटऱ्यावाला दांडगा होता. नानांनी बाजारात कलिंगड पारखावं तसं तिघांना उचलून, वर वाजवून पाहिलं. मग मला छातीशी धरून म्हणाले, "ह्यो जड हाय. म्हंजी आत तांबं हाय. प्लॅस्टिकवाल्याच्या अंगात काय दम न्हाय."

मेघनानं माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचली, आपल्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली. आकडे जुळले. बापाचं वजन आणि लेकीचे आकडे दोन्ही माझ्या बाजूनं पडले. मी मनातल्या मनात फुगून गेलो.

निघताना नानांनी विचारलं, "ह्याच्या बॅटरीला पाणी कवा घालायचं?"

"घालायचंच नाही, नाना. ही बंद बॅटरी आहे. काही करावं लागत नाही." शाहिदला तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि विषय तिथंच राहिला.

नाना दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता लेकीला म्हणाले, "इकणारा असंच म्हणतो. बॅटरी म्हटल्यावर पाणी आलंच की. जनावर बोलत न्हाय म्हणून त्याला तहान लागत न्हाय व्हय?"

मेघना हसली. मीही हसलो होतो. तेव्हा हसलो, हीच माझी चूक.

एसटीत नानांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. काटेवाडीला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय, रेडिओ घेतला का?" तर नाना ऐटीत म्हणाले, "न्हाय, लाईट घेतलीया. डब्यातली." बावड्यापर्यंत गाडीतल्या निम्म्या लोकांनी मला हात लावून पाहिला.

पहिले महिने माझे थाटाचे गेले. आमच्याकडं लाईटीचं काय विचारता! शेताची थ्री फेज बंद झाली की लोक कपॅसिटर लावून उरलेल्या दोन फेजवर पाण्याच्या मोटारी ओढायचे, आणि घरातल्या बल्बाची पणती व्हायची. दिवसातून चार वेळा मी 'टक्' करून उठायचो, 'टूं टूं' ओरडायचो, मेघना घाईघाईनं तिचं काम जपून ठेवायची, कॉम्प्युटर शांतपणे मिटायचा. एकही अक्षर जाऊ दिलं नाही मी. मेघनाची आई, लक्ष्मीबाईसुद्धा, शेजारणीला सांगायच्या, "डबा हाय, पण वाघ हाय."

आणि मग नानांना माझी काळजी वाटू लागली.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घालायचे. तीस वर्षांचा नेम. जानेवारीच्या पहिल्या तारखेला, मेघना कॉलेजात गेलेली असताना, ते पाण्याची बाटली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी बसले. माझं झाकण काढलं. बॅटरीच्या डोक्यावरची चिकटवलेली पट्टी हळूच उचकटली. खाली रबराची सहा बारकी टोपणं निघाली.

"हे बग!" नाना लक्ष्मीबाईंना म्हणाले. "बुचं हायती का न्हाय? आन त्यो चष्मेवाला म्हणतो, पाणी लागत न्हाय. कोरडीठाक ठिवलीय बिचारीला."

अहो नाना, ती कोरडी दिसते तशीच असते! तिच्यात लागेल तेवढं कंपनीतूनच भरून, मुरवून दिलेलं असतं. पण मला तर 'टूं' पलीकडं बोलता येत नाही. त्यांनी एकेका भोकात पाणी सोडलं, प्लेटा बुडेपर्यंत. किती प्रेमानं म्हणून सांगू! सांडलेला थेंब धोतराच्या सोग्यानं टिपला, टोपणं दाबली, पट्टी परत बसवली. वर मला थोपटलं.

फेब्रुवारीत पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा, एप्रिलमध्ये पुन्हा. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. चार्जिंग सुरू झालं की ते जादा पाणी आतल्या तेजाबासकट टोपणांतून वर यायचं, तारांच्या टोकांवर पांढरी बुरशी धरायची. माझी बारा मिनिटं आठ झाली, आठाची चार झाली. एप्रिलअखेरीला तर मी दोन मिनिटांतच धापा टाकायला लागलो. मेघना प्रबंध संपवायच्या गडबडीत होती, लाईट गेली की झटकन बंद करून उठायची. मी किती वेळ टिकतो, हे मोजायला तिला सवड नव्हती. मी मात्र नानांवर दात खात होतो. एवढा राग मी आयुष्यात कुणावर धरला नव्हता.

मे महिन्याची चौदा तारीख उजाडली.

त्या दिवसाचं महत्त्व नीट ऐका. मेघनाच्या प्रबंधाला आठ वर्षं झाली होती. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. पंधरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध पोचला नाही तर तिचं नाव कटणार होतं, आणि आठ वर्षांचं काम मातीमोल होणार होतं. पीएच.डी. नाही म्हणजे कॉलेजातली कायमची नोकरीही नाही. सगळं ठरलेलं होतं. सकाळी उरलेली पानं छापायची, दुपारी दीडची पुण्याची गाडी धरायची, संध्याकाळी पुण्यात झेरॉक्स आणि बाइंडिंग, दुसऱ्या दिवशी विद्यापीठ. फ्लॉपीत घेऊन पुण्यातच छापावं म्हणाल, तर आठवड्यापूर्वी इंदापूरला एका दुकानात तिनं तेही करून पाहिलं होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी उघडली, पण गवतांच्या आकृत्या सगळ्या गायब.

मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आदल्या संध्याकाळी करून झाल्या होत्या. एक्कावन्न पानं छापायची होती. सकाळी साडेनऊला ती बसली. तिसरं पान प्रिंटरमधून बाहेर येत होतं, आणि लाईट गेली.

मी 'टक्' करून उठलो. जीव खाऊन उठलो, मित्रांनो. पण पोटात काही नव्हतंच. एक 'टूं' सुद्धा पुरा झाला नाही. पडदा काळा झाला आणि प्रिंटरमध्ये अर्धं पान तसंच अडकून राहिलं.

मेघना थिजली. मग तिनं माझं झाकण काढलं. आत पांढरी बुरशी, ओल, गंजलेली टोकं. बॅटरीची कड फुगून आलेली.

"हे कुणी उघडलं होतं?"

नाना दारात उभे होते. "म्या," ते म्हणाले. "पाणी घालत होतो. दर म्हैन्याला."

"नाना! ही बंद बॅटरी आहे. त्यांनी सांगितलं होतं ना दुकानात?"

"मला वाटलं..."

"वाटलं काय नाना! आठ वर्षं! आठ वर्षं आहेत माझी ही!" ती ओरडली आणि मग एकदम खालीच बसली. लक्ष्मीबाई धावत आल्या. मी नानांचा चेहरा पाहिला, आणि इतके महिने धरलेला माझा राग कुठल्या कुठं गेला. ज्या हातांनी त्यांनी मला पाणी पाजलं होतं, ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून निरोप आला. गावाला लाईट देणारी डीपी जळाली होती. वायरमन म्हणत होता, संध्याकाळशिवाय लाईट येत नाही. दहा वाजत आले होते.

नाना माझ्या उघड्या पोटात वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "मेघे, ह्यातली बॅटरी बारा व्होल्टाची हाय ना?"

"होय."

"माझ्या ट्रॅक्टरची बी बारा व्होल्टाचीच हाय. जोडली तर?"

मेघनानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत एकदम आशा आली, आणि लगेच भीतीही. "माहीत नाही, नाना. व्होल्ट जुळतात. पण कुठं काही चुकलं तर हाही जळेल आणि कॉम्प्युटरही जळेल."

"मग इचारू," नाना म्हणाले. "ह्या खेपेला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय."

त्यांनी सायकल काढली आणि स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेले. मेघना घड्याळाकडं बघत माझी टोकं कोरड्या फडक्यानं पुसत होती. नाना आले ते घामाघूम होऊन, आणि हातात एक कागद. शाहिदनं फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी बूथवाल्याकडून लिहून घेतलं होतं, आणि त्याच्याकडूनच दोनदा वाचून घेतलं होतं.

"जुनी बॅटरी काढायची. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. उलटं झालं तर खेळ खलास. ह्याच्या पाठीची पिन भिंतीतून काढून ठिवायची. मग बटण दाबून धरायचं, मिनिटभर."

"आणि?"

"आन... ह्यो दहा मिनिटांचा गडी हाय. तास तास चालायला केलेला न्हाय. ट्रॅक्टरची बॅटरी दमायची न्हाय, पण ह्याचा ट्रान्सफॉर्मर तापत जाईल. झाकण उघडं ठिवा, वारा घाला. वीस मिनिटं चालवलं की धा मिनिटं इसावा. आन वरनं हात ठिवून बगत ऱ्हावा. हात ठेववंना झाला की त्याच मिनिटाला बंद. न्हायतर पेटंल."

मेघनानं हिशेब घातला. पान दीड मिनिटाचं. एकोणपन्नास पानं. विसाव्यासकट दीडची गाडी मिळत नव्हती.

"एकच विसावा घेऊ," ती म्हणाली. "जमलं तर जमलं."

नानांनी ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर पोतं टाकून आणली. मेघनानं वायर जोडल्या. जोडण्याआधी लाल कुठली, अधिक कुठला, हे तिघांनी तीनदा बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं माझं बटण दाबून धरलं.

काय सांगू तुम्हाला! आजवर मी तांब्याभर पाण्यावर दिवस काढलेला गडी, आणि एकदम विहीर पुढ्यात आली. मी 'टक्' केलं, 'टूं टूं' सुरू केलं. कॉम्प्युटर जागा झाला. लक्ष्मीबाईंनी सूप आणलं आणि वारा घालायला सुरुवात केली. नाना माझ्याशेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी उजवा तळहात माझ्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवला.

पहिली दहा पानं झाली. मी कोमट होतो. चौदाव्या पानाला गरम झालो. विसावं पान झालं आणि मेघनानं मला बंद केलं. दहा मिनिटं नुसता सुपाचा आवाज. पुन्हा सुरू करताना कॉम्प्युटरनं सहा मिनिटं खाल्ली. बारा वाजून वीस झाले होते.

मग ती थांबली नाही. पंचविसावं, तिसावं. माझ्या अंगातलं वार्निश तापून वास यायला लागला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आवं, करपल्यागत वास येतोय."

"ओलं फडकं टाकू का वरनं?" म्हणत नाना उठायला गेले.

"नाना, पाणी नको!" मेघना किंचाळली.

नाना चटका बसल्यासारखे जागेवर बसले. "न्हाय न्हाय. इचारलं नुसतं," ते हळू आवाजात म्हणाले, आणि हात पुन्हा माझ्यावर ठेवला.

पस्तिसाव्या पानाला मी असा तापलो की साध्या माणसानं बोट लावून झटक्यात मागं घेतलं असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला कळत होतं, माझ्या तारांवरचं पातळ आवरण मऊ पडत चाललंय. आणि मला आणखी एक गोष्ट कळत होती. माझ्यावर ठेवलेला तो हात एकेक बोट उचलत होता आणि पुन्हा टेकवत होता.

"नाना, हात ठेववतोय ना?" मेघना पडद्यावरून नजर न काढता विचारायची.

"ठेववतोय की. तू छाप."

चाळिसावं पान. "नाना?"

"अजून चालतंय. छाप तू."

खोटं! साफ खोटं! त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःचा गुडघा आवळून धरला होता. लक्ष्मीबाईंनी ते पाहिलं. त्यांचं सूप क्षणभर थांबलं. नानांनी त्यांच्याकडं बघून हळूच मान हलवली, आणि सूप पुन्हा दुप्पट जोरानं हलू लागलं. मी मनात म्हणालो, नाना, उचला तो हात, मी पेटलो तर पेटलो. पण मग मला मेघनाच्या मांडीवरचा पानांचा गठ्ठा दिसला, आणि मीही दात आवळले. तुम्ही सोसताय ना? मग मीही सोसतो.

पंचेचाळीस. शेहेचाळीस. संदर्भसूची संपली. सत्तेचाळिसावं पान अनुक्रमणिकेचं. अठ्ठेचाळिसावं प्रमाणपत्राचं, ज्यावर मार्गदर्शकांची सही व्हायची होती. ते पान सावकाश, एकेक ओळ करत बाहेर आलं. मेघनानं ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

"एकच राहिलं," ती म्हणाली आणि शेवटचं पान पडद्यावर आणून, छापायच्या आधी जास्तीचा कागद घ्यायला कपाटाकडं वळली.

सगळा प्रबंध इंग्रजीत होता. हे पान मात्र मराठीत होतं. मधोमध तीनच ओळी होत्या. नाना साक्षर माणूस, पण ओठ हलवत वाचणारे. त्यांनी वाचलं:

'माझ्या नानांना.
पवना, मारवेल, कुसळी, शेडा, ही गवतांची नावं मला कुठल्या पुस्तकानं नाही,
गुरांमागं फिरलेल्या माझ्या वडिलांनी शिकवली.'

नानांचे ओठ थांबले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांनी माझ्यावरचा हात एकदम उचलला.

"मेघे, बंद कर!" ते मोठ्यानं म्हणाले. "आता हात ठेववत न्हाय. लगीच बंद कर!"

"नाना, एकच पान आहे, दीड मिनिट..."

"शाहिद काय म्हणाला? हात ठेववंना झाला की त्याच मिनिटाला. बंद कर म्हणतो ना!"

मेघनानं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे पान नसलं तरी प्रबंध घेतील ते," ती कशीबशी म्हणाली, "पण नाना, हे पान..."

"मग झालं तर. घेत्याल ना? मग बंद कर, आन गाडी धर."

तिनं जपून सगळं बंद केलं, अगदी रीतसर. मी गप्प झालो. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. पानं पिशवीत, पिशवी छातीशी, आणि ती स्टँडकडं धावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता बूथवाला सांगत आला, "नाना, ताईंचा फोन हुता. घेतलं म्हणं." लक्ष्मीबाई रडायलाच लागल्या.

मित्रांनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मेघनाला अजून माहीत नाही. त्या शेवटच्या पानाच्या वेळी मी जेवढा तापलो होतो, तेवढाच आधीच्या दहा पानांना तापलेलो होतो. एक अंश जास्त नव्हे. लेकीच्या कामाच्या पानांना नानांचा हात जळत होता तरी 'चालतंय' होतं. स्वतःच्या नावाचं पान आलं, तेव्हा मात्र त्यांना तोच ताप सोसवेना. मी पेटू नये, कॉम्प्युटर जळू नये, पोरीची गाडी चुकू नये, यात त्या एका पानाची किंमत त्यांनी शून्य धरली.

त्या दुपारी ती गाडीला गेल्यावर लक्ष्मीबाईंनी कोरफड कापून आणली. नानांचा तळहात उलटा केला. मधोमध माझ्या लोखंडी पट्ट्यांचे तीन पट्टे उठले होते, कातडी सुटून आली होती.

"मेघीला सांगू नगंस," नाना म्हणाले.

"आन ते पान? तिनं कागदावर काढून दावलं असतं की."

"कागद कशाला पायजे? म्या वाचलं."

पुढं शाहिदनं माझ्यात नवी बॅटरी घातली. नाना त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी सगळं विचारून घेतलं. काय करायचं, काय नाही करायचं, कधी पुसायचं, कशानं पुसायचं. मी अजून काम करतो, पण थोडं चाललो की धापा लागतात. त्या दिवसाचा ताप अंगात राहिला तो राहिलाच. माझी तक्रार नाही.

माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची काळजी घ्या, पण आमची तहान तुमच्या अंदाजानं ठरवू नका. जाणणाऱ्याला आधी विचारा. आणि तुमच्या घरातलं कोणी माणूस 'अजून चालतंय' म्हणालं ना, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. एकदा जवळ बसा, आणि त्याचा हात उलटा करून बघा.